टाइनकाठची पायवाट, वॉल्सएन्ड ते हेडन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीच्या अनुषंगाने जाणारी राष्ट्रीय पायवाट १३५ किलोमीटरची आहे. पूर्वेकडून निघालं तर तिचा पहिला टप्पा न्यूकॅसल शहरातून, टाइन नदीच्या काठाने जातो. लोकांना सगळ्यात जास्त शंका याच टप्प्याबद्दल असतात. एक तर शहरातून चालायचं म्हटलं की नाकं मुरडली जातात, आणि दुसरं, भिंत पाहायला आलेल्या माणसाला दिवसभर भिंतच दिसत नाही. दोन्हींची कारणं खाली आहेत.

हा टप्पा नेमका कुठून कुठे आणि किती लांब?

वॉल्सएन्डच्या सेगेडूनम या रोमन किल्ल्यापासून हेडन-ऑन-द-वॉल या गावापर्यंत, सुमारे २४ किलोमीटर. डोक्यात तीन तुकडे ठेवा. सेगेडूनम ते न्यूकॅसलचा धक्का साधारण ८ किलोमीटर, धक्का ते न्यूबर्न साधारण १० आणि न्यूबर्न ते हेडन ५ ते ६. शेवटची चढण सोडली तर वाट जवळजवळ सपाट आहे. बेताच्या वेगाने, खाण्यापिण्याचे थांबे धरून सहा ते सात तास लागतात. किल्ला आतून पाहायचा असेल तर दीड तास वेगळा काढा.

वाटेत भिंत दिसते का?

दोन्ही टोकांना दिसते, मध्ये नाही. यात वाटेचा दोष नाही, भिंतच नदीकाठी नव्हती. ती काठावरच्या उंच भागावरून जायची: वॉल्सएन्डहून बायकर, ऊझबर्नचा ओढा, मग आजचं शहराचं मध्य, आणि तिथून पश्चिमेला वेस्टगेट रोड आणि वेस्ट रोड. आजचा हा रहदारीचा रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत भिंतीच्याच डोक्यावर किंवा तिला लागून आहे. २०२१ मध्ये वेस्ट रोडवर जलवाहिनी बदलण्याचं काम चालू असताना भिंतीचा तीनेक मीटरचा तुकडा सापडला, तोही रस्त्याखाली जेमतेम अर्ध्या मीटरवर.

पायवाट २००३ मध्ये खुली झाली, तेव्हा लोकांना या रस्त्याच्या कडेने, बस आणि ट्रकच्या धुरात चालवण्यापेक्षा नदीकाठ निवडला गेला. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे चालताना भिंत तुमच्या उजवीकडे, चढावर, घरांच्या रांगांमागे राहते हे लक्षात ठेवा. दिवसभर डावीकडे नदी आणि उजवीकडे न दिसणारी भिंत, अशी या टप्प्याची रचना आहे.

मग हा टप्पा गाळून थेट हेडनपासून सुरुवात केली तर?

अनेक जण तसं करतात. आमचं मत विचाराल तर, सुटीचे दिवस मोजकेच असतील आणि डोंगराळ भागच पाहायचा असेल तर जरूर गाळा. पण सेगेडूनम गाळू नका. वॉल्सएन्डला मेट्रोने जाऊन अर्ध्या दिवसात किल्ला पाहून परत येता येतं. कोळसा, जहाजं आणि तोफा यांवर उभं राहिलेलं शहर एका दिवसात पायाखालून जातं, त्याची गोडी ज्याला आहे त्याने मात्र पूर्ण टप्पा चालावा.

वॉल्सएन्डला कसं पोहोचायचं? मेट्रोत लोक चुकतात म्हणे.

चुकतात, आणि नेमके एकाच ठिकाणी. वॉल्सएन्ड पिवळ्या मार्गावर आहे. न्यूकॅसलच्या मुख्य रेल्वे स्थानकाखाली सेंट्रल हे मेट्रो स्थानक आहे आणि तिथेही पिवळ्या मार्गाची गाडी येते. म्हणून लोक बिनधास्त तिच्यात बसतात. पण हा मार्ग समुद्रकिनाऱ्याला वळसा घालून परत शहरात येतो. सेंट्रलहून उत्तरेकडे निघालेली गाडी जेझमंड, व्हिटली बे, नॉर्थ शील्ड्स असं सगळं फिरून मग वॉल्सएन्डला पोचते. सकाळचा जवळजवळ तास त्यात जातो.

बरोबर पद्धत अशी: सेंट्रलहून एकच स्थानक पुढे मॉन्युमेंटला उतरा, तिथे पूर्व-पश्चिम मार्गाच्या फलाटावर जा आणि मॅनर्स, बायकर दिशेची गाडी पकडा. मग पाव तासाच्या आत वॉल्सएन्ड येतं. त्याच्या पुढच्याच स्थानकाचं नाव हेड्रियन रोड आहे, नावाला भुलून तिथे उतरू नका. किल्ला वॉल्सएन्डलाच आहे. स्थानकावर लॅटिनमध्ये पाट्या दिसल्या की योग्य जागी उतरलात असं समजा. किल्ल्याचा उंच मनोरा बाहेर पडताच दिसतो, चालत पाचेक मिनिटं.

सेगेडूनममध्ये काय पाहायचं?

आधी मनोऱ्यावर जा, मग जमिनीवर. हा क्रम उलटा केला की फसगत होते. खाली फक्त गुडघ्याएवढे दगडी पाये आणि खडीने आखलेल्या रेषा दिसतात, आणि माणूस दहा मिनिटांत कंटाळून बाहेर पडतो. सुमारे ३५ मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून मात्र पूर्ण किल्ल्याचा आराखडा एका नजरेत येतो: १३८ मीटर लांब, १२० मीटर रुंद, मध्यभागी मुख्यालय, शेजारी सेनापतीचं घर, धान्याचं कोठार, बराकींच्या रांगा. भिंतीवरच्या दुसऱ्या कुठल्याही किल्ल्याची इतकी संपूर्ण मांडणी अशी उघडी पाहायला मिळत नाही. त्यामागचं कारण मजेशीर आहे. १८८० च्या दशकापासून इथे कामगारांच्या चाळवजा घरांच्या रांगा उभ्या होत्या. त्या १९७० च्या दशकात पाडल्या गेल्या आणि १९७५ ते १९८४ या काळात किल्ला सलग खणता आला. घरांचे पाये उथळ होते, त्यामुळे खालचं बरंच शाबूत राहिलं.

जमिनीवर उतरल्यावर घोडदळाच्या बराकी नक्की शोधा. इथे सुमारे ६०० सैनिक असत, ४८० पायदळ आणि १२० घोडेस्वार. १९९० च्या दशकातल्या खोदकामात दिसलं की स्वार आणि घोडे एकाच छपराखाली राहत. पुढच्या खोलीत तीन घोडे, मागच्या खोलीत त्यांचे तीन स्वार. पुढच्या खोलीच्या जमिनीत लांबट खड्डा आहे, तो घोड्यांचं मूत्र जिरण्यासाठी. या खड्ड्यांवरूनच तबेला आणि राहायची खोली वेगळी ओळखता आली. मोकळी जागा आणि खड्डा यांचं नातं समजलं की त्या दगडांच्या रेषा एकदम बोलायला लागतात.

रस्त्याच्या पलीकडे भिंतीचा खरा तुकडा आहे आणि शेजारी पूर्ण उंचीची नवी प्रतिकृती उभारली आहे. दोन्ही शेजारी शेजारी पाहा, म्हणजे पुढे हेडनला काय पाहतोय ते कळेल. संग्रहालयाला तिकीट आहे आणि हिवाळ्यात वेळा कमी होतात, तेव्हा आदल्या दिवशी वेळ तपासा. सकाळी लवकर चालायला लागणार असाल तर ते उघडण्याआधीच निघावं लागेल. अशा वेळी किल्ला आदल्या दुपारी पाहून घेणं उत्तम.

भिंत इथेच का संपते?

इथून पुढे समुद्रापर्यंत टाइन नदी रुंद आहे, तीच अडथळा. भिंतीचं काम इसवी सन १२२ मध्ये सुरू झालं, तेव्हा पूर्वेचं टोक न्यूकॅसलला, म्हणजे तेव्हाच्या पॉन्स एलियसच्या पुलाजवळ होतं. काही वर्षांनी ती पूर्वेला सहाएक किलोमीटर वाढवून वॉल्सएन्डपर्यंत आणली. किल्ल्याच्या कोपऱ्यापासून तिची एक शाखा खाली थेट नदीच्या पाण्यापर्यंत जायची, जेणेकरून काठाकाठाने कोणी वळसा घालू नये.

वॉल्सएन्ड ते धक्का, वाट कशी आहे?

डांबरी, रुंद आणि बिनचूक. नदीकाठच्या जुन्या रेल्वेमार्गावर ही वाट बांधली आहे, म्हणून चढउतार नाहीत. सुरुवातीला डावीकडे स्वान हंटर जहाज कारखान्याची जागा लागते. अटलांटिक पार करण्यात वेगाचा विक्रम करणारी मॉरेटेनिया १९०६ मध्ये इथूनच पाण्यात उतरली. टायटॅनिकच्या प्रवाशांना वाचवणारी कार्पेथियाही इथलीच.

मग वॉकरचा पट्टा. इथे झाडी बरीच आहे आणि नदी मध्येच दिसते, मध्येच लपते. ही झाडी पाहून फसू नका. सेंट अँथनीज भागात पूर्वी शिशाचे आणि डांबराचे कारखाने होते आणि जमिनीत त्यांचा अंश उरला आहे. वाट सोडून खाली चिखलात उतरू नका, मुलांना तर मुळीच उतरू देऊ नका. चिखल म्हणण्याचं कारण, टाइनला पार वायलमपर्यंत भरती-ओहोटी आहे. ओहोटीला काठाचा चिकट गाळ उघडा पडतो आणि त्यात पाय रुततो.

पुढे सेंट पीटर्सचा छोटा बोटींचा धक्का, ऊझबर्नचं मुख आणि मग वळणावर पूल दिसायला लागतात.

पुलांपैकी कशावर वेळ घालवावा?

मिलेनियम पूल (२००१) चालणाऱ्यांचा आणि सायकलस्वारांचा आहे. जहाज जायचं असलं की अख्खा पूल ४० अंशांत कलतो, त्याला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. मात्र तो रोज कलत नाही, तेव्हा त्यासाठी ताटकळू नका.

टाइन पुलाचं (१९२८) २०२४ पासून मोठं दुरुस्तीचं काम सुरू आहे, त्यामुळे परांची आणि तात्पुरते वळणमार्ग दिसू शकतात. वसंतापासून ऑगस्टपर्यंत त्याच्या मनोऱ्यांवर आणि कमानींवर किटीवेक पक्षी घरटी करतात. हे मुळात समुद्राच्या कड्यांवरचे पक्षी. समुद्रापासून इतक्या आत त्यांची वसाहत जगात दुसरीकडे नाही असं मानलं जातं. त्यांचं कौतुक थोडं दूर उभं राहून करा. पुलाखाली डोक्यावर टोपी हवी, आणि डबा तर तिथे मुळीच उघडू नका.

त्याच्या शेजारचा बुटका लाल-पांढरा फिरता पूल (१८७६) साधा दिसतो, पण रोमन वाटेच्या दृष्टीने खरी जागा हीच. रोमन पूल इथेच असावा असं मानलं जातं. त्या पुलाला पॉन्स एलियस म्हणत, हेड्रियनच्या कुळनामावरून. इथे नदीच्या तळातून नेपच्यून आणि ओशनस या जलदेवतांच्या दोन वेद्या वर आल्या, रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनने, म्हणजे मोठ्या पलटणीने, वाहिलेल्या. आता त्या शहरातल्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये आहेत. त्यानंतरचा मध्ययुगीन पूल १७७१ च्या महापुरात वाहून गेला. त्या पुरात टाइनवरचा टिकलेला पूल एकच, वरच्या बाजूचा कॉर्ब्रिजचा.

पॉन्स एलियसचा किल्ला पाहता येतो का?

अवशेष फारसे नाहीत. धक्क्यावरून कॅसल स्टेअर्सच्या दगडी पायऱ्यांनी वर गेलात की बाराव्या शतकातला बुरूज लागतो. त्याच्या आजूबाजूच्या फरसबंदीत रोमन इमारतींच्या रेषा वेगळ्या दगडांनी आखल्या आहेत. नुसत्या रेषा पाहायच्या तर वर जाऊन परत यायला वीस मिनिटं पुरतात. पायऱ्या ओल्या असल्या की निसरड्या होतात.

धक्क्यानंतर वाट चुकण्याची ठिकाणं कोणती?

तीन.

पहिलं एल्झिक-स्कॉट्सवुडच्या पट्ट्यात. इथपर्यंत नदी हाताशी धरून चालायची सवय झालेली असते. पण वाट नदी सोडून वर चढते, स्कॉट्सवुड रोड ओलांडते आणि परत एका जुन्या रेल्वेमार्गावर जाते. लोक नदीकाठानेच पुढे जात राहतात आणि कारखान्यांच्या कुंपणाशी अडकतात. राष्ट्रीय पायवाटेची खूण पांढरं ओकचं फळ आहे. शहरात काही खांबांवर तिच्यावर रंग फासलेला असतो, म्हणून पाचेक मिनिटं खूण दिसली नाही तर थांबा आणि नकाशा पाहा. त्याच वाटेवर सायकलींचा ७२ क्रमांकाचा राष्ट्रीय मार्गही बराच काळ सोबत असतो, पण सगळीकडे नाही. केवळ ७२ ची पाटी बघत चालणं हा चुकीचा आधार आहे.

दुसरं डेंटन आणि लेमिंग्टनजवळ. इथे ए १ महामार्गाच्या आसपास वाटा एकमेकांना छेदतात. लेमिंग्टनचा काचकारखान्याचा विटांचा शंकू (१७८७) दिसला की मार्ग बरोबर आहे.

तिसरं, आणि सगळ्यात फसवं, न्यूबर्ननंतरचं. नदीकाठच्या उद्यानातून जाणारी वाट पुढे जुन्या कोळसा वाहणाऱ्या वाघिणींच्या रुळमार्गावर जाते. ती इतकी सरळ आणि सुखाची आहे की हेडनकडे उजवीकडे वर जाणारा फाटा लक्षातच येत नाही. फाटा चुकला तर तुम्ही वायलमला पोचता. ही चूक फार जिवाला लागत नाही, कारण वायलमला रेल्वे स्थानक आहे (१८३५ पासूनचं), आणि गावाच्या अलीकडे याच वाटेवर रेल्वेचा जनक म्हटल्या जाणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनचं जन्मघर. पण भिंत मात्र राहून जाते.

हेडनची चढण किती अवघड आहे?

शंभरेक मीटर उंचीची, गोल्फ मैदानाच्या कडेने. ताज्या पायांना काहीच नाही. वीस किलोमीटर डांबरावर चालून झाल्यावर मात्र जाणवते. खालीच पाच मिनिटं बसून पाणी प्या आणि मग चढा.

बूट कोणते? सपाट वाटेवरच फोड जास्त येतात असं का म्हणतात?

खरं आहे. डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं, डांबरावर प्रत्येक पाऊल सारखं. तळव्याच्या पुढच्या गादीवर आणि टाचेवर एकाच जागी हजारो वेळा घासलं जातं, जागा तापते, घामाने कातडी मऊ होते आणि मग फोड. जाड, ताठ तळाचे गिर्यारोहणाचे बूट इथे उलट त्रास देतात. चांगल्या गादीचे धावायचे किंवा हलके पायवाटेचे बूट घाला, महिनाभर वापरलेले. नव्या बुटांचं उद्घाटन इथे करू नका.

मोज्यांच्या दोन जोड्या घ्या. धक्क्याला, म्हणजे आठ किलोमीटरवर, ओला झाला असो वा नसो, मोजा बदला. बूट काढून पाय दहा मिनिटं वाळू द्या. कुठे गरम किंवा चुरचुरतंय असं वाटलं की लगेच थांबा, पुढच्या बाकापर्यंत जाऊ म्हणू नका. पट्टी लावण्याआधी जागा पूर्ण कोरडी करा आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा, नाहीतर कोपरा मोज्याला अडकून गुंडाळतो आणि त्याचाच नवा खडा तयार होतो. पुढे चालून जाणार असाल तर लक्षात घ्या, पहिल्याच दिवशीच्या डांबराने पाय खराब झाले की पुढचे दिवस लंगडत जातात.

खाण्यापिण्याचं काय? शाकाहारी माणसाचं भागतं का?

धक्क्यापर्यंत अडचण नाही. धक्क्याच्या आसपास आणि पलीकडच्या काठावर बॉल्टिक या जुन्या पिठाच्या गिरणीतल्या कलादालनात उपाहारगृहं आहेत. बॉल्टिकला प्रवेश मोफत आणि स्वच्छतागृह चांगलं, त्यासाठी मिलेनियम पूल ओलांडायला पाच मिनिटं लागतात. धक्क्यानंतर न्यूबर्नपर्यंतच्या दहा किलोमीटरमध्ये भरवशाचं फारसं काही नाही. निघतानाच दीड लिटर पाणी आणि दुपारचा डबा बरोबर घ्या. पोळी-भाजीची गुंडाळी या वाटेवर सगळ्यात सोयीची.

विकत घ्यायचं तर ग्रेग्ज ही बेकऱ्यांची साखळी मूळ न्यूकॅसलचीच, त्यांचा वीगन सॉसेज रोल शाकाहाऱ्यांना चालतो. स्टॉटी हा इथला जाड, चपटा पाव चीज घालून मागा. पीज पुडिंग म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा घट्ट गोळा. ऐकायला आपल्या पठडीतलं वाटतं, पण डाळ पुष्कळदा डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवलेली असते. विचारल्याशिवाय खाऊ नका.

एकट्याने चालणं सुरक्षित आहे का?

दिवसाउजेडी हो. वॉकर आणि एल्झिक-स्कॉट्सवुडचे पट्टे उजाड दिसतात, काचा पडलेल्या असतात, भिंती रंगवलेल्या असतात. उजाड दिसणं आणि धोकादायक असणं यात फरक आहे. खरा उपद्रव सायकलींचा आणि कधीमधी नियम मोडून वाटेवर घुसणाऱ्या मोटारसायकलींचा. एका कडेने चाला, चौघांनी आडवे पसरून चालू नका, कानातलं एक बोंड काढून ठेवा. अंधार पडल्यावर हे दोन पट्टे टाळा.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. पण हिवाळ्यात चालायला या पायवाटेवर कुठला भाग योग्य असेल तर तो हाच. पुढच्या ग्रामीण भागात हिवाळ्यात चालू नका अशी विनंती केली जाते, कारण ओल्या गवतावर पाय पडत राहिले की माती निघते आणि खाली गाडलेले अवशेष उघडे पडून झिजतात. म्हणूनच पायवाटेच्या पारपत्रावर शिक्के मारून घेण्याचा हंगाम १ मे ते ३१ ऑक्टोबर असा आहे. डांबराला ती भीती नाही.

डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आधीच मावळतो, म्हणजे उजेड सात तासांचा. उजाडताच निघा नाहीतर दोन दिवसांत विभागा. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो.

उलट, हेडनहून वॉल्सएन्डला चाललं तर?

सोयीचं पडतं. चढण उतरण होते आणि वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून येत असल्यामुळे पाठीशी राहतो. शेवटी मेट्रो दारात. पूर्वेकडून निघण्याचा फायदा एवढाच की शहर हळूहळू मागे पडतं आणि दिवसाच्या शेवटी भिंत समोर येते. पाऊस आणि पश्चिमेचा जोरदार वारा असा अंदाज असेल तर हट्ट सोडा आणि उलट चाला.

लहान मुलं, बाबागाडी, सायकल?

सेगेडूनम ते धक्का बाबागाडीने सहज होतं. हेडनची चढण होत नाही. सायकलने ७२ क्रमांकाचा मार्ग धरा, तो वायलमकडे जातो.

या वाटेवर आपल्याकडच्या माणसाला ओळखीचं काही?

वाटतं त्यापेक्षा जास्त. वॉकरच्या विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत १९४३ मध्ये हर्क्युलिस नावाच्या विमानवाहू जहाजाची बांधणी सुरू झाली आणि सप्टेंबर १९४५ मध्ये ते पाण्यात उतरलं. युद्ध संपल्याने ते अर्धवट पडून राहिलं, भारताने विकत घेतलं, बेलफास्टला पुरं झालं आणि १९६१ मध्ये आयएनएस विक्रांत म्हणून नौदलात दाखल झालं. मुंबईत अनेकांनी ते संग्रहालय म्हणून आतून पाहिलं आहे. २०१४ मध्ये ते मोडीत निघालं आणि त्यातल्या काही धातूचा वापर पुण्याच्या बजाजने २०१६ मध्ये आणलेल्या मोटारसायकलीत केला.

वॉल्सएन्डच्या स्वान हंटरचे उंच याऱ्या आणि तरती गोदी २००७ मध्ये मुंबईच्या भारती शिपयार्डने घेतली. २००९ मध्ये याऱ्या जहाजावर चढवून भारताकडे निघाल्या, तेव्हा काठावर बघ्यांची गर्दी होती. त्यापूर्वीच्या छायाचित्रांत वॉल्सएन्डचं क्षितिज त्या याऱ्यांनीच ओळखू येतं.

एल्झिकला नदीकाठी दीडेक किलोमीटर पसरलेल्या आर्मस्ट्राँगच्या कारखान्याची (१८४७) जागा आता कार्यालयांनी घेतली आहे. विजयंता रणगाड्याचा मूळ आराखडा याच कारखान्याच्या वारसदार विकर्सचा. आणि धक्क्यावरचा दुमजली हाय लेव्हल पूल (१८४९) जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सनचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा तो सल्लागार अभियंता होता. बोरघाटातून रेल्वे नेणारा मुख्य अभियंता जेम्स बर्कली त्याच्याच शिफारशीने मुंबईला आला.

हेडनला पोचल्यावर भिंत कुठे शोधायची?

गावाच्या पूर्व कडेला, रस्त्याला लागून असलेल्या गवताळ पट्ट्यात. सुमारे अडीचशे मीटरचा सलग तुकडा आहे आणि प्रवेश मोफत. सेगेडूनमला पाहिलेल्या तुकड्यापेक्षा ही भिंत स्पष्टच जाड आहे. सुरुवातीचा बेत दहा रोमन फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर जाडीचा होता आणि हेडनला तो बेत प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. नंतर दगड आणि वेळ वाचवण्यासाठी जाडी कमी केली, वॉल्सएन्डकडचं वाढीव काम त्याच कमी जाडीचं. बाहेरचे दगड घडीव आणि आत मुरूम-दगडांचा भराव हे इथे जवळून पाहता येतं. पश्चिम टोकाला भिंतीतच गोल भट्टी खणलेली आहे, ती रोमन नाही, मध्ययुगीन. भिंतीवर चढू नका, दगड ढिले होतात.

भिंतीचे शहरातले इतर तुकडे पाहायचे तर?

वेगळा अर्धा दिवस काढा आणि शहरातून वेस्ट रोडने जाणारी बस धरा. बेनवेलला दोन गोष्टी आहेत. एक, अँटेनोसिटिकस या स्थानिक देवाचं छोटं देऊळ, बंगल्यांच्या ओळीत, दोन घरांच्या मध्ये. तिथल्या वेद्या प्रतिकृती आहेत, देवाचं मूळ दगडी मस्तक ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये. दोन, भिंतीच्या दक्षिणेच्या चराला, व्हॅलमला, ओलांडणारा मूळ रोमन पूलवजा रस्ता. तो संपूर्ण भिंतीवर इथेच पाहायला मिळतो. पुढे डेंटनला रस्त्याकडेला टेहळणीची छोटी चौकी आणि भिंतीचा तुकडा आहे.

हेडनहून परत कसं यायचं?

न्यूकॅसल आणि कार्लाइलच्या दरम्यान धावणारी ६८५ क्रमांकाची बस हेडनला थांबते. संध्याकाळी आणि रविवारी फेऱ्या विरळ होतात, म्हणून चढण सुरू करण्याआधी खालीच वेळ पाहून घ्या. बस हुकली तर गावातल्या पबमध्ये बसता येतं, किंवा वायलमला उतरून रेल्वेने परतता येतं.

प्रसिद्ध एकट्या झाडाची खिंड याच टप्प्यात येते का?

नाही, सिकमोर गॅप बरीच पश्चिमेला आहे. ते झाडही सप्टेंबर २०२३ मध्ये तोडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पुढे जायचं असेल तर काय अपेक्षा ठेवावी?

हेडन ते चॉलरफोर्ड, पुन्हा साधारण २४ किलोमीटर, पण आता शेतांतून. तिथेही सुरुवातीला भिंत फार दिसत नाही. स्कॉटलंडमधून उठलेल्या १७४५ च्या बंडानंतर सैन्य हलवायला जो रस्ता बांधला, त्याचा पाया म्हणून तिचेच दगड वापरले गेले, आणि तो रस्ता आज बी ६३१८ म्हणून वाटेशेजारी धावतो. उत्तरेचा खोल चर आणि व्हॅलम मात्र ठळक दिसतात. गाड्या सुसाट जातात, वाट अनेकदा रस्ता ओलांडते, तेव्हा दोन्हीकडे पाहूनच पाऊल टाका. मुक्कामाची जागा आधी राखून ठेवा. या पट्ट्यात ती मोजकीच आहे आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी लवकर भरते.